चुन्यात बुडवलेली शेपटी

त्या दिवशी पहाटेपासून वारा असा नव्हताच. माघ सरत आला होता. थंडी निघाली होती, पण जाता जाता कारखान्यांकडचं धुकं टेकडीवर टाकून गेली होती. जड, पांढरं, जिभेला कडवट लागणारं. करवंदीच्या जाळ्या, रुईची झुडपं, खालच्या बिल्डिंगींच्या गच्च्या, सगळं त्यात अर्धं बुडालेलं. सूर्य कासराभर वर आला तरी त्याच्याकडे सरळ बघता येत होतं. अशा हवेत आवाज लांबून ऐकू येतो, पण वास जागचा हलत नाही. आणि वास हलला नाही की आमच्यासारख्यांचे डोळे असून नसल्यासारखे.

आमच्यासारखे म्हणजे कोल्हे. मी चिखलोलीच्या मागच्या टेकडीवरचा म्हातारा कोल्हा बोलतोय. तुम्ही मला पाहिलं असेल. पाहिलं नसेल तर न पाहता दगड तरी मारला असेल. असो. माझं सांगणं हळूहळू चालतं, आणि हल्ली मागचा एक पायही धड नाही, तेव्हा घाई करू नका. त्या दिवसाचं सांगायचं तर आधी थोडं मागे जायला लागेल.

मी जन्मलो ओढ्याच्या काठच्या बिळात. आम्ही पाच भावंडं. आईच्या शेपटीचा शेंडा काळा, बापाचा पांढरा. पाचांतले आम्ही दोघे भाऊ बापावर गेलो. पांढरा म्हणजे कसा, तर पानवाल्याच्या चुन्याच्या डबीत बुडवून काढावा तसा. बाकी तिघं काळ्या शेंड्याची. तेव्हा कुणी शेपटीकडे लक्ष देत नव्हतं. टेकडीवर आम्ही वीस-बावीस जण होतो, आणि वीस-बावीस तऱ्हेचे होतो. कुणी तांबूस, कुणी राखी, कुणी कानाने मोठा, कुणी छातीने. संध्याकाळी ओरडायला लागलो की प्रत्येकाचा गळा निराळा. डोळे मिटून सांगता यायचं की हा ओढ्यावरचा, ही खाणीकडची म्हातारी.

आमच्यात एक रीत आहे. दोन हिवाळे झाले की मुलाने घर सोडायचं. सोडलं नाही तर आई चावते. ती मला नुसतं चावली नाही, मानेला धरून फरफटत उतारावर नेऊन टाकलं. तेव्हा मला तिचा फार राग आला. पुढे कळलं की आमची माया दातांतूनच येते. टेकडीच्या पलीकडून रस्ता जातो, रस्त्याखाली पावसाचं पाणी जायला सिमेंटची मोरी आहे, आणि मोरीच्या त्या तोंडापासून मोठ्या डोंगरांची वाट सुरू होते. आमचे मुलगे त्या मोरीतून पलीकडे जायचे आणि पलीकडचे मुलगे इकडे यायचे. नात्यागोत्यात संसार मांडायचा नाही, हे आम्हाला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. वासच सांगायचा. बहिणीचा वास आला की पाय आपोआप वळायचे.

मीही गेलो होतो मोरीतून. पलीकडच्या नरांनी आठ दिवसांत मला असा फोडून काढला की मी रडत परत आलो. आईने बिळाच्या तोंडाशी दात दाखवले. तेव्हापासून मी टेकडीच्या माथ्यावर, कातळाच्या खोबणीत राहायला लागलो. तिथे पाणी नाही, उंदीर नाहीत, नुसता वारा. ज्याला कुणी विचारत नाही अशाची ती जागा. माझा पांढऱ्या शेपटीचा भाऊही थोड्या दिवसांनी तसाच मार खाऊन तिथे आला. बापाकडच्या, पांढऱ्याच शेंड्याच्या तीन चुलत बहिणीही कुणाशी तरी भांडून वर आल्या होत्या.

आणि मग तो जुलै आला, ज्याला तुम्ही अजून तारखेने ओळखता. सव्वीस जुलै, दोन हजार पाच. नदी बदलापूर गावात शिरली, माणसं माळ्यांवर चढली, म्हशी दाव्यासकट वाहून गेल्या. आमचा ओढा भिंतीसारखा उभा राहून आला. ओढ्याकाठची सगळी बिळं एका दुपारात गेली. आई गेली, बाप गेला, चांगल्या गळ्याचे गेले, मोठ्या छातीचे गेले, शहाणे गेले. वाचलो कोण, तर माथ्यावर हाकलून दिलेले आम्ही. पाच पांढरे आणि एक काळ्या शेंड्याची कोल्हीण, जी त्या दिवशी सशामागे वर आली होती.

आम्ही पांढरे काही अंगात जास्त गुण होते म्हणून वाचलो नाही. पाणी काही शेपट्या बघून आत शिरलं नव्हतं. नशिबाने हात घातला आणि मुठीत आम्ही आलो, एवढंच.

त्या काळ्या शेंड्याच्या कोल्हिणीवर आम्हा दोघा भावांचा डोळा होता. मी आणि भाऊ तिच्यासाठी रक्त निघेपर्यंत भांडलो. तिने दोघांनाही थारा दिला नाही. दिवाळीच्या सुमाराला रस्त्यावर एका ट्रकखाली गेली. टेकडीवरचा काळा शेंडा असा संपला. हरून नाही, आजाराने नाही. एका चाकाखाली.

पुढे रस्ता रुंद झाला. नव्या बिल्डिंगी बांधल्या, तेव्हा उरलेलं विटा-लाद्यांचं राबीट त्यांनी आणून मोरीच्या आमच्याकडच्या तोंडावर ओतलं. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला कारखान्यांची भिंत, तिसऱ्या बाजूला बिल्डिंगी, चौथ्या बाजूला हा रस्ता. कुणी यायचं नाही, आणि जो जायचा तो जिवंत परतायचा नाही.

मी चुलत बहिणीशी घर केलं. लाज वाटते सांगायला, पण दुसरं कोण होतं? वास नको म्हणत होता. माझ्या भावानेही तेच केलं.

आता माझ्या शेजाऱ्याचं सांगतो. टेकडीच्या पायथ्याशी जनूचं घर आहे. जनू आगरी, माझ्यासारखाच म्हातारा. त्याचं शेत बिल्डिंगींखाली गेलं. राहिलं ते पत्र्याचं घर, बायको सगुणाबाई, आणि काटेरी कुंपणातल्या बारा-पंधरा शेळ्या. आमची ओळख दगडाने झाली. त्याचा नेम असा की मी पळत असलो तरी दगड कानशिलात बसायचा. मी त्याची करडं नेली, खोटं बोलत नाही. आठ वर्षांत सहा तरी नेली असतील. सगुणाबाई कुंपणाशी उभी राहून तोंडाचा पट्टा सोडायची, "मेल्या, तुज्या तोंडाला किडं परतील! तुजी पोरा तुज्या डोल्यांदेखत मरतील!" मी करवंदीत बसून ऐकायचो.

जनूचा एक शिरस्ता होता. दर दोन वर्षांनी पौषात तो म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेला जायचा आणि तिथून लांबच्या गावचा बोकड आणायचा. जुना विकून टाकायचा. एका वर्षी त्याचा गुडघा धरला आणि तो गेलाच नाही. घरचाच बोकड ठेवला. पुढच्या वेताला एका करडाचा जबडा वाकडा आला, दुसरं उभंच राहीना. दुपारची वेळ होती, मी जवळच जाळीत पडलो होतो. सगुणाबाई त्या करडाला उभं करत होती, ते पुन्हा पुन्हा बसत होतं.

"गुरगा दुकतो म्हून घरचा बोकड ठेवलास," ती म्हणाली. "बग आता काय झाला ते."

"बगतंय ना," जनू म्हणाला. "घरचा बोकड घरच्या शेलीला लावला का रगत पातल व्हतं. माज्या आज्यानी सांगलेलं. मना ठाव व्हतं."

"ठाव व्हतं तर मंग?"

"तुजा भाऊ पोरीची सोयरीक बगाया पार पेनपरत गेलेला. भावकीत दिली का? नाय दिली. शेलीला पन सोयरीक लागते. मीच आलस केला."

ते करडू मी नेलं नाही. नेण्यात काही नव्हतं. ज्याला उभं राहता येत नाही त्याला काय न्यायचं? माझ्या बिळात त्याच दिवसांत पाच पिल्लं होती. दोघांचे मागचे पाय लुळे, एकाचे डोळे उघडलेच नाहीत. बाकीची दोन पावसाळ्याच्या आत गेली. पुढच्या वर्षी चार झाली, चारही गेली. सगुणाबाईचे शिव्याशाप लागले असं मला वाटायचं, पण त्या दुपारी जनूचं बोलणं ऐकल्यावर कळलं की दोष शिवीचा नव्हता, रक्तच पातळ झालं होतं.

तिसऱ्या खेपेला एकच पोर जगली. धाकटी. पायाने धड, नजरेने धड. तिची आई तिला शिकार शिकवत होती तोवर कोंबडीत घातलेलं विष खाऊन मेली.

ती कोंबडी धर्मेशची. धर्मेशचं दुकान उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, पण चिखलोलीला जागा घेऊन त्याने कोंबड्यांची शेड टाकली होती. त्याचं आमच्याशी वैर कसं सुरू झालं ते ऐका, कारण त्यात एक चूक आहे आणि ती चूक पुढे फार महाग पडली.

माझा भाऊ भुकेपायी रुळांच्या कडेकडेने कॅम्प चारपर्यंत गेला होता. तिथल्या एका वर्कशॉपच्या मागे कचऱ्यात सापडला. लोखंडी सळ्यांनी मारला त्याला. धर्मेश त्यात होता. भावाची शेपटी सगळ्यांनी हातात धरून बघितली, "देखो, जैसे चुने में डुबाई!" आठवड्याने मी चिखलोलीला त्याच्या शेडशी गेलो. धर्मेश दारात अंघोळ करत होता. तांब्या हातातून पडला.

"अरे, ये तो वोही है! इसको तो मैंने अपने हाथ से मारा था!"

पुढे माझी एक चुलत बहीण बदलापूरच्या बाजूला गाडीखाली गेली. शेपटी पाहून लोकांनी धर्मेशला निरोप दिला, तुझा चुनेवाला मेला एकदाचा. दुसऱ्या दिवशी दुसरी बहीण त्याच्या शेडवर. झालं. तेव्हापासून आम्ही मेलेले-जिवंत पाचही जण पंचक्रोशीत एकच कोल्हा झालो. मारला तरी उठणारा, एकाच सकाळी दोन ठिकाणी दिसणारा. नाव पडलं चुनेवाला. एका भगताला बोलावलं. तो म्हणाला, असा मरणार नाही, शेपटीचा पांढरा शेंडा कापून दाराला ठोका, मग येणार नाही.

बिल्डिंगीत पहिल्या माळ्यावर यशोधरा नावाच्या बाई राहतात. औषधांच्या कारखान्यात कामाला जातात, जय भीम म्हणणारं घर, भगताबिगताचं त्यांना आवडत नाही. खाली माणसं जमली होती तेव्हा गॅलरीतून म्हणाल्या, "अहो, दोन असतील, तीन असतील! सारखे दिसतात म्हणून एकच कसा?"

"भाभी, हर जानवर अलग होता है," धर्मेश म्हणाला. "ये सेम टू सेम है. एक बाल का फरक नहीं."

"मॅडमना आता कोल्ह्यांची रेशन कार्डं काढायचीत," कुणीतरी खालून म्हणालं आणि सगळे हसले. बाईंनी दार लावून घेतलं.

बाईंचं बरोबर होतं. पण खरं सांगू? मला धर्मेशचंही पटलं. आम्ही पाच होतो, पण एकच उरलो होतो. एकसारखी शेपटी, एकसारखा गळा. संध्याकाळी एकाने सूर लावला की दुसऱ्याला वाटायचं आपणच ओरडतोय. एकाला खरूज झाली ती पाचांना झाली. तिला पुरून उरेल असं वेगळं रक्त एकाच्याही अंगात नव्हतं. माणसं आम्हाला मोजायला चुकली, पण जे दिसलं ते काही चुकीचं दिसलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात धाकटी वयात आली. टेकडीवर नर कोण, तर भावाचे दोन मुलगे. एक लंगडा, दुसरा धडधाकट पण माझ्याच घरचा. तो तिच्याभोवती घुटमळायला लागला. मी त्याला दोनदा फाडला. माझ्या भावाचं पोर ते, लहानपणी माझ्या तोंडातलं खाल्लेलं. त्याच्या मानेतून रक्त काढताना मला सुख झालं नाही. त्यानेही मला सोडलं नाही, हा कान बघा. तिसऱ्या वेळी मी हरणार होतो, हे त्याला कळलं होतं आणि मलाही. धाकटी दूर बसून बघायची. तिलाही दुसरा पर्याय माहीत नव्हता. तिने आयुष्यात परका कोल्हा पाहिलाच नव्हता.

अशात एका संध्याकाळी रस्त्यापलीकडून हाक आली.

मी चार पायांवर उभा राहिलो. तो आवाज आमचा नव्हता. जाड, शेवटाला फाटणारा. धाकटीचे कान असे उभे राहिले की जणू तिला ते त्याच क्षणी फुटले. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा. तिसऱ्या संध्याकाळी मी उत्तर दिलं. तो मोरीच्या पलीकडच्या तोंडाशी होता. रस्त्यावरून येण्याची त्याची छाती नव्हती, आणि गाड्या बघता ते शहाणपणच होतं.

दुसऱ्या पहाटेपासून मी राबीट उकरायला लागलो. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, वाकडे खिळे, फुटक्या लाद्या. रोज उजाडेपर्यंत उकरायचो. नऊ पहाटा लागल्या. पुढच्या पंजाची दोन नखं मुळापासून गेली. पुतण्या वरून बघत गुरगुरायचा. त्याला समजलं होतं मी काय करतोय.

नववी पहाट म्हणजे तो दिवस. धुकं होतं, वारा नव्हता. मी शेवटची लादी ओढली आणि आतून थंड, कुजक्या पाण्याचा वास आला, आणि त्याच्यामागून एक नवा वास. थोड्या वेळाने तो बाहेर आला. उंच, तांबूस, डाव्या कानाला जुनी चीर. शेपटीचा शेंडा काळाभोर. चार वर्षांत मी तो रंग पाहिला नव्हता.

त्याने पहिली गोष्ट काय केली, तर मला चावला. खांद्याला. मी अंग चोरून बाजूला झालो. आम्ही आभार मानत नाही आणि कुणी मानावेत असं वाटतही नाही.

पण उशीर झाला होता. धुक्यामुळे उजाडलंय किती हे मला कळलं नाही, आणि वारा नसल्याने माणसांचा वास आला नाही. धर्मेश आणि चार जण काठ्या घेऊन वर येत होते. आदल्या दिवशी कुणीतरी मला उकरताना पाहिलं असणार. ते एकदम समोर उभे राहिले; मी झुडपामागे, नवा उघड्यावर.

"पकड, पकड!"

"अबे रुक. ये वो नहीं है. काली पूंछ है इसकी."

"मग हाणू या की! कोल्हा तो कोल्हा."

"इसको मारके क्या फायदा? चुनेवाला यहीं होगा. आधी ती मोरी बंद करा, यहीं से आता है वो."

एकाने दगड उचलला. दोघे मोरीकडे निघाले. नवा मागे सरला. अजून दोन पावलं, आणि तो पुन्हा मोरीत शिरून पलीकडे जाणार, आणि त्याच्यामागे राबीट पडणार, कायमचं. मला दुसरं काही सुचलं नाही. मी झुडपातून निघालो, त्यांच्यासमोर आलो आणि शेपटी वर केली. आम्ही कधी अशी शेपटी उंच करत नाही. पण त्यांना तीच हवी होती.

"वो देखो! चुनेवाला!"

पाचही जण माझ्यामागे लागले. मी टेकडीच्या दुसऱ्या अंगाने, जनूच्या घराकडे पळालो. मुद्दाम नाही, उतार तिकडे होता. पहिला दगड बरगडीत बसला. दुसरा मागच्या उजव्या पायावर, आणि तिथे काहीतरी काटकीसारखं मोडलं. मी तीन पायांवर जनूच्या काटेरी कुंपणात घुसलो आणि अडकलो. तोंड आत शेळ्यांकडे, शेपटी बाहेर. शेळ्यांनी एकच ओरडा केला. जनू कोयता घेऊन आला.

"काका, हटो," धर्मेश धापा टाकत म्हणाला. "हमारा शिकार है."

"कुनाचा?" जनू म्हणाला. "आठ वरसा माजी करडा नेतंय यो. तुज्या कोंबड्या किती नेल्यान? चार? पाच? वैर माजा हाय, जुना. तू मागशी आलंस."

"काका, भगत ने बोला है, पूंछ चाहिए."

"पूंछ पायजे का कोला पायजे?"

"पूंछ," धर्मेश म्हणाला.

"नक्की बोल. मागशी परत येशील कोला मांगाया."

"पूंछ ही चाहिए, काका. वही दरवाजे पे ठोकने की है."

जनूने मला काट्यांतून ओढून काढलं, मानेवर गुडघा ठेवला, तोच दुखरा गुडघा, आणि कोयता मारला. मी वळून त्याच्या मनगटात दात रोवले. सगुणाबाई किंचाळली, "अरं रगत आला! सोर त्याला, सोर!"

"येव दे रगत," जनू म्हणाला. त्याने पांढरा शेंडा उचलून धर्मेशच्या हातात दिला. "घे तुजा चुनेवाला. आता माज्या दारातून जा."

धर्मेशने तो रुमालात गुंडाळला. पाचही जण हसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत उतरून गेले. मोरीची आठवण कुणालाच राहिली नाही. जनूने मला काठीने कुंपणाबाहेर ढकललं, एकदा, दोनदा, आणि मी गेलो तेव्हा मागून एक दगडही मारला. तो लागला नाही. त्याचा नेम मला माहीत आहे, म्हणून सांगतो.

त्याने मला वाचवलं की माझ्यावरचा राग काढला, मला आजही ठाऊक नाही. विचारायला आमची बोली एक नाही. शेंडा अजून शेडच्या दारावर खिळ्याने ठोकलेला आहे, वाळून गेलाय. चुनेवाला संपला, म्हणून विष ठेवणं बंद झालं. मध्ये एकदा त्यांना धाकटी दिसली, पांढऱ्या शेंड्याची. धर्मेश म्हणाला, "ये उसकी घरवाली होगी." इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा आम्हाला दोन मोजलं.

आता वैशाख सरत आलाय. मी करवंदीच्या जाळीत पडून असतो. पिकलेली करवंदं खातो, सरडे, किडे, मिळेल ते. काळ्या शेंड्याचा मला बिळाच्या आसपास फिरकू देत नाही. पुतण्याला त्याने मोरीपलीकडे हुसकून लावला. तिकडे मार खाईल, पण कदाचित टिकेल. धाकटीनेही मला पाहून दात दाखवले. बरोबर आहे तिचं. पण त्यामुळे मला काहीच कळत नव्हतं. ती पोटुशी होती एवढं लांबून दिसलं होतं. मग ती बिळात गेली, आणि महिनाभर मी रोज कान देऊन पडून राहिलो. झाली का? डोळे उघडले का? की याही खेपेला लुळी, याही खेपेला आंधळी? एवढी नखं गेली, शेपटी गेली, ते सगळं कशासाठी, हे त्या बिळात होतं आणि मला तिथे जाता येत नव्हतं.

तुम्ही वाचणाऱ्यांना एक सांगतो. आमच्यावर माया करा असं मी म्हणत नाही. मायेची आम्हाला सवय नाही आणि तुम्हाला जमायचीही नाही. वैर करा, दगड मारा, शेळ्यांना नीट कुंपण घाला, शिव्या द्या. वैरात आम्ही हजारो वर्षं जगलो. पण रस्ते बांधाल तेव्हा खालून एक मोरी ठेवा, आणि तिच्या तोंडावर राबीट ओतू नका. कोंडून ठेवलेल्याला मारायला दगड लागत नाही. तो घरातल्या घरात आपोआप संपतो, आणि संपला हेसुद्धा कुणाला कळत नाही.

काल सकाळी जनू शेळ्या घेऊन वर आला. मनगटावर माझ्या दातांचे वण आहेत, अजून जांभळे. जाळीपाशी येऊन उभा राहिला. मी आहे हे त्याला माहीत होतं. हातात दगड होता; मी डोळे मिटून घेतले, कारण पळणं आता होत नाही. बराच वेळ काही लागलं नाही. डोळे उघडले तर तो उकिडवा बसला होता, दगड शेजारी ठेवून, बिळाच्या दिशेने बघत. तंबाखूची पिंक टाकली, तोंड पुसलं, आणि रागाने माझ्याकडे वळून म्हणाला,

"मेल्या, चार झाली तुज्या पोरीला. चारी पायांवर धावतान सगली. आता माजा एक करडू उरायचा नाय."